‘काय?’ विचारून कर्म सापडत नाही : ऑब्जेक्ट, कॉम्प्लिमेंट आणि संशोधनातली व्याख्या



मागच्या लेखात आपण संशोधनप्रश्न कसा लिहायचा ते पाहिलं. आज विषय व्याकरणाचा आहे. पण इंग्रजी किंवा भाषाविज्ञान तुमचा विषय नसेल तरी पान बंद करू नका. ज्यांना आपल्या प्रबंधात कशाचीही वर्गवारी करायची आहे, त्या सगळ्यांसाठी हा लेख आहे.

गोष्ट नगरमधलीच आहे. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण तोंडात अजून नगरच येतं.) सावेडीतल्या एका अभ्यासिकेत मी अधूनमधून सेट आणि पेटची तयारी करणाऱ्यांबरोबर बसते. शेवगावकडची एक मुलगी वही घेऊन आली आणि म्हणाली, “ताई, ‘शी बिकेम अ टीचर’ या वाक्यात ‘टीचर’ हे ऑब्जेक्ट का नाही? काय झाली? टीचर झाली. ‘काय?’ला उत्तर मिळतंय की!”

मी सवयीने सांगितलं, “अगं, ‘बिकेम’ हे लिंकिंग व्हर्ब आहे. लिंकिंग व्हर्बच्या पुढे येतं ते सब्जेक्ट कॉम्प्लिमेंट.”

तिने वहीत लिहून घेतलं, थोडा विचार केला आणि विचारलं, “मग लिंकिंग व्हर्ब कुठलं ते कसं ओळखायचं?”

“ज्याच्या पुढे कॉम्प्लिमेंट येतं ते.”

बोलून झाल्यावर माझ्याच लक्षात आलं की मी तिला गोल गोल फिरवलं. अ म्हणजे काय, तर ब च्या पुढे येतं ते. आणि ब म्हणजे काय, तर अ च्या आधी येतं ते. ही व्याख्या नव्हेच. तिने वही मिटली आणि हळूच म्हणाली, “म्हणजे यादी पाठच करायची ना?”

ते वाक्य मला लागलं, कारण माझ्या पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी नेमकं हेच केलं होतं. माझ्या कामात इंग्रजी वाक्यांतल्या प्रत्येक नामपदाला ‘ऑब्जेक्ट’ किंवा ‘कॉम्प्लिमेंट’ अशी खूण करायची होती. बी, बिकम, सीम, रिमेन, ग्रो, टर्न, फील, लुक अशी यादी मी भिंतीवर चिकटवली आणि दोन महिने खुणा करत बसले. मार्गदर्शकांनी पहिली दोनच पानं पाहिली आणि एका वाक्यावर बोट ठेवलं : ‘द फार्मर ग्र्यू ओनियन्स’. ‘ग्रो’ यादीत होतं, म्हणून मी कांद्यांना कॉम्प्लिमेंट करून टाकलं होतं. म्हणजे शेतकरी स्वतःच कांदे झाला! नगर जिल्ह्यात राहून, घोडेगावचा कांदा बाजार डोळ्यांसमोर असताना, मी हे लिहिलं होतं. दोन महिन्यांचं काम पुन्हा करावं लागलं.

तुमचे दोन महिने वाचावेत म्हणून हा लेख.

‘काय?’ हा प्रश्न का पुरत नाही

शाळेत आपण शिकतो : क्रियापदाला ‘काय?’ किंवा ‘कोणाला?’ विचारा, उत्तर येईल ते कर्म. लहान मुलांसाठी ठीक आहे. पण ही दोन वाक्यं पाहा :

शी सॉ अ टीचर.
शी बिकेम अ टीचर.

दोन्ही वाक्यांना ‘काय?’ विचारता येतं आणि दोन्हीकडे उत्तर ‘टीचर’ येतं. जी चाचणी दोन्ही गटांना ‘हो’ म्हणते ती दोन गट वेगळे करू शकत नाही. एवढं एक वाक्य लक्षात ठेवा, संशोधनात पुढे सगळीकडे उपयोगी पडेल.

फरक अर्थात आहे. पहिल्या वाक्यात दोन माणसं आहेत, एक पाहणारी आणि एक दिसलेली. दुसऱ्यात एकच बाई आहे, आणि ती कोण झाली हे सांगितलंय. मराठी वाक्यपृथक्करणातही यासाठी ‘कर्म’ आणि ‘विधानपूरक’ असे दोन वेगळे रकाने असतात. ‘राम राजा झाला’ यात ‘राजा’ विधानपूरकाच्या रकान्यात जातो.

मग ‘दोन माणसं की एक’ एवढीच चाचणी लावली तर? नाही चालत. ‘शी सॉ हरसेल्फ इन द मिरर’. पाहणारी आणि दिसलेली एकच, तरी ‘हरसेल्फ’ हे ऑब्जेक्टच आहे. ती स्वतः ‘झाली’ नाही, तिने स्वतःला ‘पाहिलं’. म्हणजे नुसत्या अर्थावर भिस्त ठेवता येत नाही. वाक्याची रचना हलवून पाहावी लागते.

चाचणी पहिली : पॅसिव्ह

नेहरूंनी ‘द डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ 1944 मध्ये आपल्या नगरच्या भुईकोट किल्ल्यात कैदेत असताना लिहिलं. वाक्य करू : ‘नेहरू रोट द डिस्कव्हरी ऑफ इंडिया’. पॅसिव्ह : ‘द डिस्कव्हरी ऑफ इंडिया वॉज रिटन बाय नेहरू’. सहज झालं. म्हणजे पुस्तक हे ऑब्जेक्ट.

आता ‘नेहरू बिकेम द प्राइम मिनिस्टर’. पॅसिव्ह करायला जा : ‘द प्राइम मिनिस्टर वॉज बिकम बाय नेहरू’. कानालाच खटकतं. असं इंग्रजी नाही.

छान चाचणी आहे, पण ती एकेरी रस्ता आहे. पॅसिव्ह झालं तर ऑब्जेक्ट, हे धरून चाला. पण पॅसिव्ह झालं नाही म्हणून लगेच कॉम्प्लिमेंट म्हणू नका. ‘शी हॅज अ सायकल’ याचं पॅसिव्ह होत नाही. ‘शी रिसेंबल्स हर मदर’ याचंही होत नाही. तरी ती म्हणजे सायकल नव्हे, आणि ती म्हणजे तिची आईही नव्हे. नकार आला की थांबा, पुढची चाचणी लावा.

चाचणी दुसरी : विशेषण बसतं का?

मला सगळ्यांत जास्त उपयोगी पडलेली चाचणी ही. नामाच्या जागी एक विशेषण ठेवून पाहा.

‘शी बिकेम अ टीचर’ च्या जागी ‘शी बिकेम फेमस’. चाललं.
‘शी सॉ अ टीचर’ च्या जागी ‘शी सॉ फेमस’. नाही चाललं.

कारण साधं आहे. कॉम्प्लिमेंट कर्त्याचं वर्णन करतं, आणि वर्णनाचं काम विशेषणालाही जमतं. ऑब्जेक्टच्या जागी मात्र क्रिया ज्याच्यावर होते ती वस्तू किंवा व्यक्ती लागते. ‘प्रसिद्ध’ला कोण पाहणार?

इथे एक अट फार महत्त्वाची आहे : विशेषण बसवताना क्रियापदाचा अर्थ बदलता कामा नये. माझी कांद्याची चूक इथेच सापडते. ‘द फार्मर ग्र्यू ओनियन्स’ च्या जागी ‘द फार्मर ग्र्यू ओल्ड’ बसतं, वाक्यही अगदी शुद्ध आहे. पण पहिलं ‘ग्र्यू’ म्हणजे पिकवले, दुसरं म्हणजे होत गेला. एकाच अक्षरांची दोन क्रियापदं आहेत. यादी पाठ करणारा इथे फसतोच, कारण यादीत शब्द असतात, अर्थ नसतात.

तसंच ‘द मिल्क टर्न्ड सावर’ आणि ‘द ड्रायव्हर टर्न्ड द व्हील’. किंवा ‘शी फेल्ट कोल्ड’ आणि ‘शी फेल्ट द कोल्ड’. शेवटच्या जोडीत फक्त ‘द’चा फरक आहे, पण पहिल्यात ती गारठली आणि दुसऱ्यात तिला बाहेरची थंडी जाणवली. पहिलं कॉम्प्लिमेंट, दुसरं ऑब्जेक्ट.

गंमत म्हणजे ‘बिकम’सुद्धा दरवेळी लिंकिंग नसतं. ‘दॅट कलर बिकम्स यू’ म्हणजे तो रंग तुला शोभतो. रंग काही ‘तू’ होत नाही. इथे ‘यू’ हे ऑब्जेक्ट आहे. यादीतलं सगळ्यांत खात्रीचं क्रियापदही असं निसटतं.

चाचणी तिसरी : एकवचन-अनेकवचन

‘दे सॉ अ टीचर’ चालतं. पाहणारे दहा असोत, दिसलेली शिक्षिका एकच असू शकते. पण ‘दे बिकेम अ टीचर’ चालत नाही, ‘दे बिकेम टीचर्स’ म्हणावं लागतं. कॉम्प्लिमेंटचं वचन बहुधा कर्त्याशी जुळतं.

‘बहुधा’ मुद्दाम म्हटलं. ‘दे बिकेम अ टीम’ अगदी बरोबर आहे, कारण ‘टीम’ हा शब्दच समूहाचा. म्हणून ही चाचणी साक्षीदारासारखी वापरा, न्यायाधीशासारखी नको.

चाचणी चौथी : आपल्या घरची

ही चाचणी इंग्रजी पुस्तकांत मिळणार नाही, कारण ती मराठी माणसाकडेच आहे. वाक्य मराठीत आणा आणि भूतकाळात टाका.

ती शिक्षिका झाली.
तिने शिक्षिका पाहिली.

दुसऱ्या वाक्यात ‘ने’ आला! ‘तो आमदार झाला’, पण ‘त्याने चिठ्ठी लिहिली’. क्रियापद बघा : ‘लिहिली’ हे चिठ्ठीप्रमाणे चाललंय, लिहिणाऱ्याप्रमाणे नाही. यालाच आपण कर्मणी प्रयोग म्हणतो. इंग्रजी जिथे काहीच दाखवत नाही, तिथे मराठी भूतकाळात कर्म उघड करून दाखवते. विधानपूरकाशी मात्र ‘ने’ येत नाही आणि क्रियापद कर्त्याप्रमाणेच चालतं. कांद्याचं वाक्य मी एकदा मराठीत म्हणून पाहिलं असतं तर ‘शेतकऱ्याने कांदे पिकवले’ आणि ‘शेतकरी म्हातारा झाला’ यातला फरक तिथेच कळला असता.

हीच अडचण उलट्या बाजूने आलेल्या माणसांचा नगरशी जुना संबंध आहे. अमेरिकन मराठी मिशनचं ठाणं इथे 1831 मध्ये सुरू झालं. त्या मिशनमधले एबेनेझर बर्जेस यांचं इंग्रजीत लिहिलेलं मराठी व्याकरण 1854 मध्ये मुंबईत छापलं गेलं. (‘सूर्यसिद्धान्ता’चं इंग्रजी भाषांतर करणारे बर्जेस ते हेच.) इंग्रजी बोलत वाढलेल्या माणसाला ‘मुलाने पोळी खाल्ली’ हे वाक्य चमत्कारिकच वाटणार. खाणारा मुलगा, मग ‘खाल्ली’ का? त्याला कर्म म्हणजे काय ते शिकल्याशिवाय मराठीचा साधा भूतकाळ बोलता येत नाही. आपल्याला मात्र ते न शिकता बोलता येतं, म्हणून आपल्याकडे चाचणी आहे हेच आपण विसरतो.

आता या चाचणीचं दुखणं. मराठीत काही क्रियापदं सकर्मक असूनही ‘ने’ घेत नाहीत. ती धडा शिकली. तो पाणी प्याला. मी नाव विसरले. दादोबा पांडुरंगांचं व्याकरण 1836 चं, मोरो केशव दामल्यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ 1911 चं. तेव्हापासून आजच्या शालेय पुस्तकांपर्यंत प्रयोगविचारात अशा क्रियापदांची दखल वेगळी घ्यावीच लागते. ‘ती शिक्षिकेला भेटली’ यातही ‘ने’ नाही, पण ‘ला’ आहे आणि तो सांगतो की ही दुसरी व्यक्ती आहे. म्हणजे ही चाचणीही पहिलीसारखी एकेरी आहे. ‘ने’ आला तर कर्म जवळजवळ नक्की. नाही आला तर दुसरी चाचणी लावा.

जिथे सगळ्याच चाचण्या भांडतात

कांद्याच्या बाजारातच थांबू. गोणी काट्यावर आहे.

द मॅन वेड द सॅक.
द सॅक वेड फिफ्टी किलोज.

पहिलं सोपं : मापाड्याने गोणी मोजली. ‘ने’ आला, पॅसिव्हही होतं. गोणी ऑब्जेक्ट.

दुसरं? ‘गोणी पन्नास किलो भरली’. ‘ने’ नाही. पॅसिव्ह होत नाही. ‘वेड’ काढून ‘वॉज’ ठेवलं तर ‘द सॅक वॉज फिफ्टी किलोज’ चालतं. म्हणजे कॉम्प्लिमेंट? पण कॉम्प्लिमेंटच्या जागी सहज बसणारं साधं विशेषण इथे सहसा बसत नाही. शिवाय प्रश्न ‘व्हॉट’पेक्षा ‘हाउ मच’ने विचारावासा वाटतो, म्हणजे ते क्रियाविशेषणाकडेही झुकतं. ‘द बुक कॉस्ट हंड्रेड रुपीज’चं दुखणं हेच. अशा वाक्यांवर व्याकरणकारांचं एकमत नाही.

इथे विद्यार्थी दोनपैकी एक चूक करतो. एक तर मनाला येईल ती खूण करून पुढे जातो. नाहीतर ‘सगळं व्याकरणच असं गोंधळाचं आहे’ म्हणून सोडून देतो. तिसरा रस्ता आहे : ‘सीमेवरची वाक्यं’ असा वेगळा गट करा, त्यात का टाकलं ते एका ओळीत लिहा, आणि सगळीकडे तोच नियम पाळा. परीक्षकाला तुमचा निर्णय पटला नाही तरी चालतं. निर्णय कसा घेतला ते त्याला दिसलं पाहिजे.

मग प्रबंधात काय लिहायचं?

पहिलं, कोणाची चौकट वापरताय ते सांगा. क्वर्क आणि सहकाऱ्यांचं 1985 चं मोठं इंग्रजी व्याकरण वाक्यांचे सात साचे मानतं, त्यात ऑब्जेक्ट आणि कॉम्प्लिमेंट वेगळे आहेत. संगणकासाठी वाक्यं बांधणारी ‘युनिव्हर्सल डिपेन्डन्सीज’ची पद्धत आणखी वेगळी : तिथे इंग्रजीतलं ‘बी’ हे नुसतं जोडणारं मानतात आणि ‘टीचर’लाच वाक्याचा गाभा करतात, पण ‘बिकम’ला तशी वागणूक देत नाहीत. ‘शी इज अ टीचर’ आणि ‘शी बिकेम अ टीचर’ आपल्याला सारखी वाटतात, त्या पद्धतीत ती दोन वेगळ्या रचनांची वाक्यं आहेत. (याच पद्धतीने बांधलेला मराठीचाही एक लहान संच आहे.) दोन चौकटींतले आकडे सरळ एकमेकांशी ताडून पाहू नका.

दुसरं, चाचण्यांचा क्रम लिहा. माझा असा आहे : आधी पॅसिव्ह, मग अर्थ न बदलता विशेषण, मग वचन, आणि शेवटी मराठी भूतकाळ. कुठली चाचणी एकेरी आहे तेही लिहा.

तिसरं, दुसऱ्या कोणाकडून तरी काही वाक्यांना खुणा करून घ्या आणि किती जुळतात ते पाहा. पण नुसत्या टक्केवारीवर खूश होऊ नका. समजा, शंभरातली नव्वद वाक्यं ऑब्जेक्टची आहेत. दोघांनीही वाक्यं न वाचता, अंदाजाने नव्वद वेळा ‘ऑब्जेक्ट’ आणि दहा वेळा ‘कॉम्प्लिमेंट’ लिहिलं तरी योगायोगाने सुमारे 82 खुणा जुळतील! (0.9 गुणिले 0.9 म्हणजे 0.81, आणि 0.1 गुणिले 0.1 म्हणजे 0.01.) म्हणून योगायोगाचा वाटा वजा करणारं माप वापरतात. जेकब कोहेन यांनी 1960 मध्ये मांडलेला ‘कप्पा’ हे त्यातलं सगळ्यांत परिचित माप.

तुमचा विषय समाजशास्त्र असेल तर ‘ऑब्जेक्ट’च्या जागी ‘स्थलांतरित’ ठेवा, शेतीशास्त्र असेल तर ‘कोरडवाहू’ ठेवा. प्रश्न तोच राहतो. गट कसे पाडले? चाचणी कुठली? ती कुठे फसते? ‘सगळ्यांना माहीतच आहे’ हे उत्तर मुलाखतीच्या टेबलावर टिकत नाही.

सराव

खालच्या वाक्यांतलं शेवटचं पद ऑब्जेक्ट की कॉम्प्लिमेंट? उत्तराबरोबर कुठल्या चाचणीने ठरवलं तेही लिहा.

1. द व्हिलेज रिमेन्ड ड्राय.
2. द व्हिलेज ड्रँक टँकर वॉटर.
3. हर ब्रदर मेड अ गुड नर्स.
4. हर ब्रदर मेड अ गुड करी.

पहिलं कॉम्प्लिमेंट, ‘ड्राय’ हे विशेषणच आहे. दुसरं ऑब्जेक्ट, पण सावध राहा : ‘गाव टँकरचं पाणी प्यालं’ यात ‘ने’ नाही, म्हणजे मराठी चाचणी इथे गप्प बसते. पॅसिव्ह करून पाहा. तिसऱ्यात भाऊ स्वतः चांगला नर्स ठरला. ‘मेड’च्या जागी ‘वॉज’ ठेवा, अर्थ जवळपास तोच राहतो, म्हणून कॉम्प्लिमेंट. चौथ्यात ‘वॉज’ ठेवलं तर भावाचीच आमटी होईल! ऑब्जेक्ट.

शेवगावच्या त्या मुलीला मी पुढच्या रविवारी या चार चाचण्या लिहून दिल्या आणि म्हटलं, “यादी पाठ करू नकोस. आणि त्या दिवशी मी दिलेलं उत्तर खोडून टाक, ते चुकीचं होतं.” तिने खोडलं नाही. त्याच्यापुढे कंसात ‘गोल व्याख्या’ असं लिहिलं. आणि पाचवं वाक्य मलाच घातलं : ‘विमेन कॉन्स्टिट्यूट हाफ द क्लास’. पॅसिव्ह ओढूनताणून होतं, विशेषण बसत नाही, आणि अर्थ मात्र ‘आर’सारखाच. मी ते सीमेवरच्या गटात टाकलंय आणि का, ते लिहून ठेवलंय. तुम्ही कुठे टाकाल? कारणासकट ठरवा.

भेटू पुढच्या लेखात. तोवर वाचत राहा.